आंतोनकाकांची शहाळी

मी एकदा एका सुभेदाराला शहाळी पाजून जवळजवळ वर पोचवलं होतं. शत्रूला जे दोन लढायांत जमलं नाही, ते मी चार दिवसांत करत आणलं.

तेव्हा मी फौजेच्या इस्पितळात नर्सिंग ऑफिसर होते. खांद्यावर लेफ्टनंटचे दोन स्टार, आणि पहिली रजा. गाव देवबाग. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये माड.

शेजारचे आंतोनकाका पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. हृदय कमजोर, पायांवर सूज. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू होत्या. त्यांच्या बायकोने, रोझीकाकीने, मला कुंपणावरून हाक मारली, "गो बाय, तुझ्या काकाक जरा बघ गो."

मी बघितलं. म्हणजे थेट कमांडच घेतली. गळ्यात स्टेथोस्कोप, डोक्यात अर्धा धडा. त्यांच्या गोळ्यांच्या पिशवीतल्या पहिल्या पाकिटावरचं नाव वाचलं. या गोळीने लघवीवाटे पोटॅशियम जातं, हे मला परीक्षेत आलं होतं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. दारात माड. झालं!

"सुभेदार साहेब, रोज तीन शहाळी. सकाळ, दुपार, संध्याकाळ."

आदल्या सुट्टीपर्यंत मला शेंबडी म्हणणारा, पण आता हुद्द्याने माझ्या खालचा माणूस खाटेवर ताठ बसला.

"येस, मॅडम साहेब."

पाचव्या दिवशी सकाळी मी त्यांची परेड घेतली. विहिरीपासून फाटकापर्यंत चालायचं. अर्ध्या वाटेत काका चिऱ्याच्या गडग्यावर, कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर, बसले.

"मॅडम साहेब, पाय हुकूम ऐकनत नाय."

"कामचुकारपणा चालणार नाही."

"ओठारय मुंग्यो फिरतत."

तेव्हा कुठे लेफ्टनंटबाईंनी मनगट धरलं. चार दिवसांत पहिल्यांदा! नाडी मिनिटाला अडतीस. पुन्हा मोजली. छत्तीस.

तशीच धावले आणि गोळ्यांची पिशवी ओतली. आत दुसरं पाकीट होतं. ही गोळीही सुजेचीच, पण पोटॅशियम अंगात धरून ठेवणारी. वर माझी शहाळी. रक्तात पोटॅशियम फार चढलं की हृदय संथ होत जातं आणि थांबूही शकतं. हेसुद्धा त्याच धड्यात होतं, पुढच्या पानावर.

बाहेर काकी कोयत्याने नवं शहाळं तासत होती.

"काकी, थांब! तां देव नको!"

मग काकांकडे वळले. "ह्या कधीपासून होता?"

"परवापासून."

"मग सांगलात कित्याक नाय?"

"तुमची आर्डर होती."

रस्त्यावर मासळीचा टेम्पो मिळाला. बर्फाच्या पेट्यांमध्ये काका आडवे, काकी रोझरी म्हणतेय, मी नाडी मोजतेय. मालवणच्या हॉस्पिटलात डॉक्टरांना सगळं सांगितलं. दोन्ही गोळ्या दाखवल्या, शहाळी मोजून सांगितली. त्यांनी ईसीजी बघितला आणि लगेच कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन.

"शहाळी कोणी सांगितली?"

"मी."

"आपण कोण?"

लेफ्टनंट हा शब्द काही तोंडातून फुटेना. "शेजारीण," म्हणाले.

दुपारी नाडी साठावर आली. काकांनी पेजेबरोबर सुका बांगडा मागितला, तेव्हा काकीने रोझरी पिशवीत ठेवली.

पुढे मी मेजर होऊन निवृत्त झाले. वॉर्डातले जवान मला पाठीमागे 'चौकशीवाली बाई' म्हणत. म्हणू देत. मी गोळी देऊन गेले की तासाभराने पुन्हा खाटेपाशी हजर असायची. झोपलेल्यांनाही उठवायची, शिव्या खायची.

आंतोनकाका त्यानंतर बरीच वर्षं जगले, आणि मला चिडवत जगले. आता चर्चमागच्या मातीत आहेत. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी मी तिथे मेणबत्ती लावते. शहाळं मात्र नेत नाही. अजून धीर होत नाही.

त्या दुपारी हॉस्पिटलात त्यांच्या खाटेपाशी उभी राहून मी रडत माफी मागत होते. काकांनी सलाइनचा हात उचलून मला गप्प केलं. 'मॅडम साहेब' त्यांनी बाजूला ठेवलं आणि म्हणाले,

"गो बाय, आर्डर कोणाचीय चुकता. पण आर्डर दिल्यार परत येवन जवानाक विचारूचा आसता, 'कसा वाटता रे तुका?' तां तू विचारलंस नाय, आणि सुभेदार म्हणान सांगूक माका लाज वाटली. चल, डोळे पूस. आता विचार."