पुढून खाली गेलेली मोटार

माझ्या वडिलांना चार माणसांनी दोनदा उचललं. पहिल्या वेळी ते जिवंत होते आणि चूक माझी होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही रामदासपेठेत राहत होतो. बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. काठी टेकत ते घरभर हिंडत, पण उजवा पाय वीतभराच्या वर उचलत नसे. अशात आमच्या आत्याच्या शकूचं लग्न ठरलं, हुडकेश्वरला (तेव्हा ते साधं खेडं होतं). शकू तीन वर्षांची असताना तिचे वडील गेले. तिला सायकल शिकवली ती बाबांनी, शाळेत घातली ती बाबांनी. ते तिचे एकुलते एक मामा. आणि मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा उभा असतो. उभा! खुर्चीत बसलेला मामा आमच्याकडे कोणी पाहिलेला नाही.

अडचण होती माझ्या मोटारीची. सेकंड हँड, विलायती, आणि पायरी बैलगाडीच्या उंचीची.

"बाबा, आम्ही उचलून बसवतो तुम्हाले," मी म्हणालो.

"खबरदार!" त्यांनी काठी आपटली. "माणसाले चार जणांनी उचलाचं ते एकाच खेपेले. मी माह्या पायानं चढीन, नाहीतं घरी राहीन."

'घरी राहीन' म्हणताना त्यांचा आवाज फाटला. मला फार वाईट वाटलं. मी ठरवलं, बाबा मोटारीएवढे उंच होणार नसतील, तर मोटारच बाबांएवढी खाली आणायची.

लकडगंजच्या हबीबमिस्त्रीनं दोन उपाय सांगितले. "नव्या आखूड स्प्रिंगा बनवतो. आठ दिवस लागतीन, खर्चा बी होईन. पण गाडी खाली बी बसन अन् वजन बी झेलन. नाहीतं हायेत त्याच कापून देतो, शामको ले जाओ. पण साहेब, कापलेल्या स्प्रिंगीचा भरोसा नाही."

मी हुशार माणूस आहे. (हे मत माझं. घरात दुसऱ्या कुणाचं नाही.) "काप!" मी म्हणालो. "आणि फक्त पुढच्याच काप. बाबा पुढं बसतीन. मागची बाजू खाली करून काय फायदा?"

मिस्त्रीनं कापायचा गॅस पेटवला.

संध्याकाळी मोटार दारात उभी केली. बायको बाहेर आली. मागचा भाग वर, पुढचा जमिनीला!

"अवं माय! हे काहून वाकून नमस्कार करून राहिली?"

"मोठ्यांसमोर वाकावंच लागते, मालती," मी म्हणालो.

लग्नाच्या दिवशी बाबांनी फेटा बांधला, पायरीवर पाय ठेवला आणि कुणाचाही हात न धरता आत बसले. माझे डोळे भरून आले. "बराबर केलं गा," ते म्हणाले. उभ्या जन्मात त्यांनी मला दिलेली ही एकच शाबासकी. ती हुडकेश्वरच्या अलीकडच्या मोरीपर्यंत टिकली.

मोरीवर मुरमाचा उंचवटा होता. बैलगाड्या त्यावरून डुलत जात. आमची मोटार नाकावर चढली, खर्रर्र आवाज झाला आणि पोट टेकून बसली! मागची चाकं जागच्या जागी धूळ उडवू लागली. पलीकडून मांडवातला बाजा ऐकू येत होता.

"सारे उतरा! हलकी करा!" मी ओरडलो. सारे उतरले. बाबा उतरेनात. उतरताच येईना! सीट इतकी खाली गेली होती की उठायला जोरच मिळत नव्हता. मी चढण्याचा विचार केला होता, उतरण्याचा राहून गेला होता.

"बाबा, हात द्या."

"नाही."

"मुहूर्त जाऊन राहिला ना बाबा!"

"मले मालूम हाय." ते समोर बघत बसले.

एवढ्यात शेतातून चार गडी धावत आले. त्यातला एक वाकून आत बघत म्हणाला, "बुढ्याले राहू द्या आतच. गाडीच उचलू!" चौघांनी पुढच्या बंपरला हात घातला. "बोला, राम नाम..."

"ते नाही!" आतून बाबा गरजले. "बजरंगबलीचं घ्या! मी जित्ता हावो अजून!"

बजरंगबलीच्या नावानं मोटार उचलली गेली. बाबांसकट.

मांडवाशी पोचलो तेव्हा भटजी "मामा कुठं आहेत?" म्हणून तिसऱ्यांदा विचारत होते. मी दार उघडलं. बाबांनी डावा हात पुढं केला.

"दे हात. चौघांनी तं उचललंच, आता तुही काय लाज!"

सारी मंगलाष्टकं होईपर्यंत ते काठी टेकून शकूच्या पाठीशी उभे होते. मी त्यांच्या पाठीशी उभा होतो, पडलेच तर झेलायला. ते पडले नाहीत.

घरी परतताना एवढंच म्हणाले, "उद्याच्या उद्या पूर्ण स्प्रिंगा घाल."

काही वर्षांनी बाबा गेले. मडकं माझ्या थोरल्या भावानं धरलं, पुढचा खांदा मी दिला. उरलेले तिघं ताडमाड, मी पाच फूट दोन इंच. कोपऱ्यावर मागून मालतीचा भाऊ हळूच म्हणाला, "भाऊजी, जरा वर घ्या. पुढून खाली गेलं."

रडता रडता मला हसू फुटलं. घाटापर्यंत मी टाचा उंच करून चाललो. या खेपेला काही कापलेलं नव्हतं. मी जन्मापासूनच आखूड होतो.