बाटलीवरचं पान

मैत्रिणींनो, दुपारपासून जीव थाऱ्यावर न्हाई, म्हणून इथं लिहायले.

लातुरात क्लासेसच्या गल्लीत माझं पार्लर हाय. रविवारी टेस्ट झाली की शेजारच्या हॉस्टेलच्या पोरी गॅलरीत बसून एकमेकींच्या डोक्याला तेल लावतात. त्यातली मुखेडची प्रज्ञा नीटला दुसऱ्यांदा बसायली. केस लई गळायलेत म्हणून तिनं ऑनलाइन तेल मागवलं, भांगेच्या बियांचं. त्यानं नशा होत न्हाई, बाटलीवर लायसन नंबर हाय. पण वर भांगेच्या पानाचं चित्र!

आज सकाळी रेक्टर मॅडमनी ते चित्र पाहिलं अन् "गांजा!" म्हणून ओरडल्या. साऱ्या पोरींना रांगेत उभं करून एकेकीची वेणी हुंगली.

मला राहवलं न्हाई. औषधांच्या सरकारी ऑफिसात फोन लावला, म्हटलं हे तेल चालतं एवढंच मॅडमला सांगा. साहेब म्हणाले, "भांगेचं असंल तर पोलिसांना विचारा." पोलीस म्हणाले, "तेलाचं आम्हाला काय विचारता बाई?"

मॅडमनी "पोरीला घेऊन जा" म्हणून फोन केला, तसे दुपारी प्रज्ञाचे वडील एसटीनं आले. मी त्यांना बाटलीवरचा नंबर दाखवाय गेले.

"राहू द्या ताई," ते म्हणाले. "गावात गांजाच सांगतील. नंबर कोण वाचतंय?"

प्रज्ञा बॅग घेऊन त्यांच्या मागं खाली मान घालून गेली.

बाटलीत काय हाय, हे आज सगळ्यांनी विचारलं. पोरीचे केस कशानं गळायलेत, हे विचारणारं तुमच्या तरी ओळखीत कुणी हाय का?