बावीस खटके

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या या बाईंना घरात अजून 'ऑपरेटर' म्हणतात. वय अडुसष्ट. दोन वर्षांपूर्वी दृष्टी गेली. आता उजेड आणि सावली एवढाच फरक कळतो. दोन खोल्यांच्या घरात त्या एकट्या राहतात आणि रोज सकाळी बिया दळून कॉफी करतात.

त्यांच्या ओट्यावर कॉफीची तीन साधनं आहेत. दट्ट्याने दाबायचा काचेचा फ्रेंच प्रेस, कागदी गाळणी बसवायचं चिनीमातीचं नरसाळं आणि गॅसवर ठेवायचा मोका पॉट. दळायला हातचक्की. तिच्या खालची कडी फिरवली की खटके बसतात आणि दळण जाड-बारीक होतं. कडी पूर्ण आवळून मग सैल करायची: प्रेसला बावीस खटके, नरसाळ्याला सोळा, मोकाला नऊ. काम आटोपलं की कडी बावीसवर आणून ठेवायची, हा बाईंचा शिरस्ता. पाणी त्या थंड असतानाच वाटीने मोजतात. किटलीत जास्तीचं पाणीच नसतं, त्यामुळे ओतताना कप भरून वाहत नाही.

धाकट्या भावाला हे पटत नव्हतं. ताईने घर विकून आपल्याकडे यावं, असा त्याचा धोशा. दलालाने गिऱ्हाईकही आणलं होतं.

"गॅस, उकळतं पाणी, काच. ताई, एक दिवस भाजून घेशील."

"तू धडधाकट डोळ्यांनी दूध उतू घालवतोस. तुझं घर काढलं का कोणी विकायला?"

शेवटी अट ठरली. रविवारी सकाळी तिघांसाठी तीन तऱ्हेची कॉफी. कोणी हात लावायचा नाही. एक थेंब सांडला तर घर विकायचं, नाहीतर दलालाला नकार.

रविवारी भाऊ, भावजय आणि भाची टेबलाशी बसले. बाईंनी प्रेससाठी बिया चक्कीत घातल्या आणि दांडा फिरवला. चार वेढ्यांतच थांबल्या. एरवी खडी तुडवल्यासारखा आवाज येतो. आज बारीक घरघर येत होती आणि दांडा जड जात होता. खालची पूड चिमटीत घेतली. पीठ झालं होतं.

"चक्की कोणी उघडली?"

भावजय म्हणाली, "काल आले होते ना, तेव्हा मी पुसली, वन्सं. आत सगळी पूड अडकली होती. परत लावताना घट्ट बसवली, सांडायला नको म्हणून."

भावाने खुर्ची मागे सरकवली. "ऐकलंस? असं रोज काहीतरी होणार. राहू दे आता."

"लाइन चालू आहे. मध्ये बोलू नका," बाई म्हणाल्या.

त्यांनी ती चिमूटभर पूड मोकाच्या चाळणीत टाकली, कडी आवळून नऊ खटके मागे घेतली आणि त्यातच उरलेलं दळण घातलं. प्रेस मागे राहिला, मोका पहिला आला. मग बावीस, मग सोळा. खटके नखाने मोजले. पॉट गॅसवर चढला. भाचीने मोबाइलवर घड्याळ लावलं; प्रेसच्या काठाला किटलीचं तोंड टेकवून बाईंनी पाणी ओतलं. नरसाळ्यात तसंच, पण थांबत थांबत. तेवढ्यात मोकाची धार बोलायला लागली. ती फुरफुरायच्या आत बाईंनी गॅस बंद केला.

नंतर दोन्ही हात टेकून स्वस्थ उभ्या राहिल्या. मग एकदम, ट्रंक कॉलची वेळ संपली की विचारत त्या कामावरच्या आवाजात म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली. कॉल वाढवायचा आहे?"

भाचीने मोबाइल पाहिला. "आत्या, तीन मिनिटं दोन सेकंद!"

"दोन सेकंद फुकट देते. नरसाळ्याची तुझी, उचल. प्रेसला अजून एक मिनिट."

तिन्ही कप टेबलावर आले. भाऊ उठला. ओट्यावरून तळवा फिरवला, गॅसच्या कडेने बोट फिरवलं, वाकून खालची फरशी पाहिली. कोरडी. मोकाचा घोट घेतला आणि लगेच दुसरा घेतला.

"कडू आहे का?" भावजयीने विचारलं.

"नाही ना. तोच तर वैताग आहे."

भाची हसली. बाई हसल्या नाहीत. "फोन तिकडे खिडकीशी कर," त्या म्हणाल्या, "इथे रेंज नसते."

भावाने खिडकीशी जाऊन दलालाला फोन लावला.

"हो, मीच बोलतोय. नाही, विकायचं नाही... किमतीचा प्रश्न नाही हो. तब्येत? उत्तम आहे. मालकीणबाई राहताहेत इथे."