मागच्या बाकावरचे पाळकसाहेब

साहेबांची आणि माझी पहिली भेट माझ्या रागावण्याने झाली. मी तेव्हा नेवासा तालुक्यातल्या आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात परिचारिका म्हणून नुकतीच रुजू झाले होते. एके सकाळी दारात मोपेड येऊन थांबली. चालवणारे गृहस्थ पन्नाशीचे, पांढरा सदरा धुळीने माखलेला. मागे तापाने फणफणलेली एक बाई होती, आणि ती वाटेत पडू नये म्हणून त्यांनी तिला चादरीने आपल्या पाठीशी बांधून आणले होते.

“ताप कधीपासून आहे?” मी विचारले.

“कालपासून. संध्याकाळी मंडळीने त्यांच्यासाठी प्रार्थना केली.”

“प्रार्थनेने ताप उतरत नाही. कालच आणायला हवं होतं.”

माझा आवाज गरजेपेक्षा मोठा होता. ते शांतपणे म्हणाले, “चुकलंच आमचं. तुम्ही औषध द्या, मी बाहेर बसतो. आणि सिस्टर, तुमच्यासाठीही प्रार्थना केली तर चालेल ना? सुई टोचताना हात स्थिर लागतो.”

हेच रेव्हरंड मनोहर साळवे, आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक. मागे बसलेल्या बाई म्हणजे सगुणामावशी, चर्चची झाडलोट करणाऱ्या. मावशींना मलेरिया निघाला, त्या आठवड्याभरात बऱ्या झाल्या. त्यानंतर गावात कोणालाही ताप आला की साहेब त्याला आधी आमच्या केंद्रात घेऊन येत आणि प्रार्थना बाहेरच्या बाकावर बसून करत. आपली चूक इतक्या सहज कबूल करून ती लगेच सुधारणारे वडीलधारे मी तोवर फारसे पाहिले नव्हते.

माझ्या रागाचे कारण मात्र वेगळे होते, आणि ते साहेबांनी बहुधा पहिल्याच दिवशी ओळखले असावे. माझाही जन्म ख्रिस्ती घरातला. मी शाळेत असताना माझी आई कर्करोगाने आजारी पडली. वडील म्हणाले होते, लेकरांची प्रार्थना देव आधी ऐकतो. मी रोज शाळेत जाण्यापूर्वी गुडघ्यांवर बसून मागत असे. आई गेली. त्यानंतरही मी चर्चला जाणे सोडले नव्हते, पण प्रार्थना सोडली होती. ऐकणारे कोणी असेल असे मला वाटेनासे झाले होते.

हे सारे मी साहेबांच्या घराच्या ओसरीवर एकदा बोलून गेले. त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई, ज्यांना सारी मंडळी पाळकीणबाई म्हणते, चहा घेऊन आल्या होत्या. माझे ऐकून त्या माझ्याजवळच बसल्या. मला वाटले, आता साहेब शास्त्रातले दाखले देतील. त्यांनी एवढेच विचारले, “आईचं नाव काय?”

“शांताबाई.”

“बरं. रविवारी उपासनेला येत राहा. मागच्या बाकावर बसा. आमेन म्हणायची सक्ती नाही.”

त्या वर्षी मृतांच्या स्मरणाच्या उपासनेत त्यांनी गावातल्या दिवंगतांच्या नावांबरोबर माझ्या आईचे नाव घेतले. आमच्या गावात तिला ओळखणारे कोणी नव्हते. पुढे दरवर्षी ते नाव घेतले जाऊ लागले.

आमच्या मंडळीत घरोघरी प्रार्थनासभा होतात आणि तिथे प्रत्येकाने पाळीपाळीने प्रार्थना करायची पद्धत आहे. माझी पाळी जवळ आली की साहेब मला हळूच म्हणत, “सिस्टर, जरा दिवा मोठा करता का?” किंवा “गीताचं पुस्तक सापडतंय का बघा.” मी उठे, आणि माझ्यावरून पाळी पुढे निघून जाई. हे किती वर्षे चालले, ते मोजलेले नाही. एका वडीलधाऱ्यांनी एकदा सर्वांदेखत विचारले, “ह्या सिस्टर कधीच प्रार्थना कशा करत नाहीत?” साहेब म्हणाले, “त्यांचं आणि देवाचं काही बोलणं राहिलंय. ते त्यांचं त्यांना करू द्या.” विषय तिथेच मिटला.

साहेबांच्या कामाबद्दल त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात इतरांनी विस्ताराने लिहिले असेलच. मी पाहिलेले एवढेच सांगते. आमची मंडळी लहान, बहुतेक जण उसाच्या शेतात राबणारे, काही नगरजवळच्या नागापूरच्या कारखान्यांत कामाला. त्यांतल्या एका तरुणाची नोकरी गेली. लाजेने तो घरीही येईना, चर्चलाही येईना. साहेब दर मंगळवारी एसटीने नागापूरला त्याच्या खोलीवर जात. सोबत पाळकीणबाईंनी बांधून दिलेली भाकरी आणि ठेचा. दोघे जेवत, साहेब परत येत. पाचव्या मंगळवारी त्या तरुणानेच विचारले, “साहेब, तुम्ही मला चर्चला ये म्हणून का सांगत नाही?” साहेब म्हणाले, “तू जेवलास का, हे बघायला येतो मी.” तो तरुण आज मंडळीचा खजिनदार आहे.

निवृत्तीचे वय झाल्यावरही दुसरे पाळक मिळेनात, म्हणून मंडळीच्या आग्रहावरून साहेब गावातच राहिले. त्याच काळात, सहा वर्षांपूर्वी, ते घडले.

सकाळची वेळ होती. बाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. सूप हातातून गळाले आणि त्या एका अंगावर कलंडल्या. निरोप येताच मी धावत गेले. तोंड वाकडे झाले होते, उजवा हात उचलत नव्हता. पक्षाघात होता. शेजारचे शेतकरी कारभारीनाना आपली जीप घेऊन आले आणि आम्ही बाईंना नगरच्या दवाखान्यात नेले. वाटभर साहेब बाईंचा डावा हात धरून पुटपुटत होते. दवाखान्याच्या दारात नाना म्हणाले, “साहेब, तुमी तुमच्या देवाला सांगा, मी नेवाशाला माउलीच्या देवळात जाऊन सांगतो. दोगांनी सांगितलेलं बरं.”

बाई वाचल्या. महिन्याभरात काठीच्या आधाराने चालूही लागल्या. पण वाचा गेली. ज्या बाईंनी रविवारच्या शब्बाथशाळेत गावातल्या दोन पिढ्यांना गीते शिकवली, त्यांना पाणी हवे असले तरी ‘पाणी’ म्हणता येईना. ओठ हलत, चुकीचा आवाज येई, आणि त्या डोळे मिटून घेत. साहेब त्यांना भरवत, वेणी घालत आणि सकाळ-संध्याकाळ त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत. मंडळीनेही उपास केले. तीन महिने गेले, एक शब्द परत आला नाही.

मग तो रविवार आला. गीत झाले, शास्त्रपाठ झाला. साहेब प्रार्थनेसाठी वेदीसमोर उभे राहिले आणि बोलेनात. आम्ही माना खाली घालून वाट पाहत होतो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले,

“मंडळी, आज माझ्याच्याने प्रार्थना होत नाही. तीन महिने मी मागतोय आणि मला फक्त माझाच आवाज ऐकू येतो. पलीकडे कोणी आहे का, अशी शंका मला येते. ही शंका घेऊन मी तुमच्यासमोर मोठमोठ्याने प्रार्थना केली तर ते खोटं होईल. मला माफ करा.”

बाहेर रस्त्यावरून शिंगणापूरकडे जाणाऱ्या गाड्यांचे आवाज तेवढे येत होते. काहीजण कुजबुजले. पाळकच असे म्हणू लागले तर लोकांनी काय करायचे, वरच्या लोकांना कळवून दुसरे पाळक मागवू, असे एक जण स्पष्ट बोलले.

तेव्हा सगुणामावशी उठल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही आणि उपासनेत त्या कधी बोलत नाहीत. त्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“सायेब, तुमी बसा,” त्या म्हणाल्या. “तुमी लई वर्सं आमच्यासाठी मागितलं. आता तुमाला जमत न्हाई, तर आमी मागतो. त्यात काय हाय?”

साहेब चालत मागे आले आणि माझ्या शेजारी बसले. मावशींनी त्यांच्या बोलीत, अडखळत, प्रार्थना सुरू केली. साहेब माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाले, “सिस्टर, इथे आमेन म्हणायची सक्ती नाही ना?”

“नाही साहेब,” मी म्हटले. इतकी वर्षे मी ज्या जागी एकटी बसत होते तिथे माझ्या शेजारी हा माणूस बसला होता, आणि त्याच्यासाठी मागावे असे मला फार वाटले. पण मागायचे कसे, हे मी विसरले होते.

नऊ रविवार साहेब तिथेच बसले. आळीपाळीने मंडळीतले लोक उपासना चालवत. ज्यांनी दुसरे पाळक मागवायचे म्हटले होते, त्यांनीही एक रविवार चालवला आणि प्रार्थनेत साहेबांचे नाव घेताना ते रडले. रोज दुपारी बाया कामावरून येता-येता बाईंच्या घरी जात आणि खाटेभोवती बसून प्रार्थना करत. साहेब ओसरीवर बसत, आत येत नसत.

अशाच एका दुपारी मी बाईंचा रक्तदाब पाहायला गेले होते. शेवटी सगळ्या बायांनी मिळून प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीपासून एक जास्तीचा आवाज त्यात मिसळला. बाई म्हणत होत्या. घोगरा आवाज, पण शब्द स्वच्छ, एकही न चुकता, अगदी आमेनपर्यंत. बायांची तोंडे उघडीच राहिली. सगुणामावशी ओसरीवर धावल्या. “सायेब, बाई बोलल्या. चमत्कार झाला.”

साहेब आत आले, बाईंसमोर बसले. “सुलोचना, पाणी हवं?” बाईंनी बोलायचा प्रयत्न केला. पुन्हा तोच चुकीचा आवाज. साहेबांनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग ते मला बाहेर घेऊन गेले.

“सिस्टर, खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका. हा चमत्कार आहे का?”

त्या क्षणी ‘हो’ म्हणणे किती सोपे होते. पण त्यांनी माझ्याशी कधी खोटेपणा केला नव्हता. मी म्हटले, “साहेब, पक्षाघातात असं होतं. नवं वाक्य जुळवता येत नाही, पण वर्षानुवर्षं पाठ म्हटलेलं कधीकधी शाबूत राहतं. गाणी, प्रार्थना. डॉक्टरांना हे माहीत आहे.”

ते म्हणाले, “म्हणजे सगळं गेलं, आणि रोज म्हटलेली प्रार्थना तेवढी राहिली.”

“हो.”

“मला शंका होती की ती कुठे पोचते की नाही. ती इथे तरी पोचली होती,” असे म्हणून त्यांनी आतल्या खाटेकडे बोट केले. आणि ते रडले. त्या नऊ आठवड्यांत मी त्यांना प्रथमच रडताना पाहिले.

गावात चमत्काराची बातमी पसरली होती. पुढच्या रविवारी चर्च गच्च भरले. कारभारीनानाही मागे येऊन उभे होते. साहेब वेदीसमोर गेले आणि त्यांनी मी सांगितलेले सगळे जसेच्या तसे मंडळीला सांगितले. चमत्कार म्हणायची मला घाई नाही, असे म्हणाले. मग म्हणाले, “तुम्ही माझ्यासाठी नऊ आठवडे मागितलंत. बाईंची वाचा आली नाही. पण मी परत इथे उभा आहे, तो तुमच्या प्रार्थनेने. शंका अजून येते. पूर्वी ती मी देवापासून लपवत होतो, आता त्यालाच सांगतो.” आणि त्यांनी प्रार्थना केली, चार वाक्यांची. मग विचारले, “आणखी कोणी करेल?”

मी उभी राहिले. “देवा, तू असशील तर बाईंना आणि साहेबांना सांभाळ. आणि माझ्या आईला सांग, मी बरी आहे,” एवढेच मला म्हणता आले. मोठ्याने ‘आमेन’ म्हणणारा पहिला आवाज साहेबांचा होता.

त्यानंतर दर संध्याकाळी साहेब आणि बाई ती प्रार्थना एकत्र म्हणू लागले, मग गीतेही. गाताना बाईंचे शब्द सापडतात, हे लक्षात आल्यावर साहेबांनी रोजच्या गरजा चालीवर बसवल्या. आज बाई ‘पाणी दे’ हे नाताळच्या गीताच्या चालीवर म्हणतात, आणि साहेब त्याच चालीवर ‘आणतो’ म्हणतात. त्यांच्या घरी जाणाऱ्या कोणीही हे ऐकले असेल.

या लेखाची परवानगी घ्यायला मी गेले तेव्हा साहेब म्हणाले, “माझ्या विश्वासाचं कौतुक लिहू नका. मला मंडळीने धरून ठेवलं, ते लिहा.” मी दोन्ही लिहिले आहे. एवढी आज्ञा मोडल्याबद्दल त्यांनी क्षमा करावी.

साहेबांनी आज पंचाहत्तरी गाठली आहे. परिचारिका म्हणून माझे मागणे असे, की त्यांनी मधुमेहाची गोळी चुकवू नये, मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढे ढकलू नये आणि उन्हातून मोपेडवर फिरू नये. त्यांची मानलेली लेक म्हणून मागणे असे, की देवाने या दोघांना एकमेकांच्या सोबतीने उदंड, निरोगी वर्षे द्यावीत. आणि त्या वर्षांत पुन्हा कधी एखाद्या सकाळी साहेबांना प्रार्थना जमली नाही, तर त्यांनी निवांत बसून राहावे. त्यांच्या वतीने मागणारे आम्ही आता पुष्कळ जण आहोत.