बर्फातले चाळीस किलोमीटर

आमचा रविवारचा पळायचा ग्रुप लहानसा. डब्लिनच्या सँट्रीतून मी आणि शैलेश, वॉटरफोर्डहून मुग्धा, आणि आमचा म्होरक्या डेक्लन, साठी ओलांडलेला रिटायर्ड पोस्टमन. पळणं होतं तीन तास. मग गाडीच्या डिकीवर बसून ओले मोजे पिळत त्यावर बोलणं तासभर, आणि घरी येऊन बायकोला सांगणं आठवडाभर. किस्से साठणार नाहीत तर काय!

त्यातले सगळ्यात जास्त साठलेत विकलोच्या डोंगरातल्या एका ट्रेल रेसचे. चाळीस किलोमीटर, ऐन जानेवारीत. डेक्लनच ती भरवतो. पावसाची तयारी सगळ्यांची असते. पण आम्ही तिघांनी पहिल्यांदा नाव दिलं त्या वर्षी नेमका बर्फ पडला!

*

शैलेश नागपूरचा. पंचेचाळीस डिग्रीत वाढलेला. पहिल्या चढावर पांढराशुभ्र डोंगर बघून हा जागीच थांबला आणि थेट आईला व्हिडिओ कॉल!

"आई, बघ! सगळा बर्फ!"

काकूंनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "छान आहे रे. मोजे घातलेस ना? दाखव."

वाट एका माणसापुरती. शैलेश एक पाय वर करून कॅमेऱ्याला मोजा दाखवतोय, मागे पाच-सहा जण खोळंबलेत. त्यातल्या पहिल्या आयरिश बाईंनी विचारलं, "मॅमी का?"

शैलेशनं ओशाळून मान हलवली.

"मग दुसराही दाखव," त्या म्हणाल्या. "नाहीतर ती काही फोन ठेवायची नाही."

*

त्या कॉलनंतर थंडीनं शैलेशच्या फोननं मान टाकली. नकाशा फोनमध्येच! धुकं उतरलेलं, खुणेची झेंडी कुठे दिसेना. बर्फात एक मळलेली वाट दिसली, तिच्यावरून हा अर्धा तास इमानानं पळत राहिला.

वाट एका कुंपणाशी संपली. तिथे पंधरा-वीस मेंढ्या आणि त्यांना गवत टाकणारा एक शेतकरी.

शेतकऱ्यानं त्याच्या छातीवरचा नंबर निवांत वाचला. म्हणाला, "शर्यत त्या पलीकडच्या डोंगरावर आहे. इथे नाश्ता चाललाय."

*

मुग्धा हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. माझ्यापेक्षा कितीतरी वेगानं पळते, पण त्या दिवशी माझ्याबरोबरच राहिली. आदल्या शुक्रवारी तिच्या वॉर्डात काहीतरी झालं होतं, एवढंच मला माहीत होतं. काय झालं ते विचारावं की नको, ह्या विचारात एक टेकडी गेली. दुसरी गेली. बर्फावर चार पायांचा कर्रकर्र आवाज, बाकी काही नाही. मध्येच तिनं बाहीनं डोळे पुसले. मी समोर बघत राहिलो.

दीड तासानं जंगलाचं फाटक आलं, तशी ती थांबली.

"बरं वाटलं रे," ती म्हणाली, "किती दिवसांनी एवढं बोलले!"

आणि सुसाट निघून गेली.

*

माझा नंबर एकशे बारावा. फिनिशच्या दोन किलोमीटर आधी एक जण पाय मुरगळून बसला होता, दुसरा त्याला धरून होता. मी पळता पळताच विचारलं, "ठीक आहात ना?"

"ठीक, ठीक. तू जा."

मी गेलो. फिनिशला डेक्लनला सांगितलं.

"थांबला नाहीस?"

"ते म्हणाले, ठीक आहोत."

"सगळे तेच म्हणतात," डेक्लन म्हणाला, जाकीट चढवलं आणि स्वतः वर निघाला.

घरी लेकीनं दारातच विचारलं. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर मात्र पक्क्या डब्लिनी इंग्लिशमध्ये.

"बाबा, डिड यू विन?"

"एकशे बारावा आलो."

"आउट ऑफ?"

"एकशे चौदा."

"सो यू बीट टू पीपल! फेअर प्ले टू यू!" ही डब्लिनची शाबासकी.

मी आंघोळीला निघून गेलो.

*

पुढच्या जानेवारीत मी पळायला नाही, चेकपॉइंटवर कामाला नाव दिलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा गडहिंग्लजहून आले होते. एसटीचे ड्रायव्हर, उभा जन्म आंबोली घाटात गेलेला. "घरात बसून काय करू?" म्हणत तेही आले. जंगलात एक तंबू, गॅसची शेगडी, बाहेर बर्फ भुरभुरतोय. चहाचं खातं अण्णांकडे. थांबायला तयार नसलेल्या प्रत्येकाला अस्सल मराठीत सांगायचे, "बस की जरा! डोंगर कुठं पळून जातोय?" आणि माणसं बसायची!

दुपारी एक उंच, तिशीतला गडी आला. जाकीट उघडं, हातमोजे नाहीत. तरी अंगाला कापरं नव्हतं.

"कसा आहेस?" मी विचारलं. इथे ह्याचं उत्तर ठरलेलं: ग्रँड, म्हणजे मजेत.

"ग्रँड."

"काही हवंय?"

"ग्रँड."

मी नंबर लिहून घेतला. तो निघाला, तोच अण्णांनी त्याचं मनगट धरलं.

"ह्याला नाव विचार."

"नंबर लिहिलाय अण्णा."

"नंबर नको. नाव विचार."

मी विचारलं. तो गोड हसला. "ग्रँड."

अण्णांनी त्याला बाकावर बसवलं, पायातले ओले बूट ओढून काढले, स्वतःच्या खुर्चीखाली सरकवले आणि वर बसले.

"मला जायचंय," तो इंग्लिशमध्ये पुटपुटला.

"जा की," अण्णा मराठीत म्हणाले. "अनवाणी जा."

थंडीनं एकाचं भान गेलंय, असं मी डेक्लनला वॉकीटॉकीवर कळवलं. बर्फातून गाडी वर यायला पाऊण तास लागणार होता. आम्ही त्याला कोरडे कपडे चढवले, स्लीपिंग बॅगेत घातलं. अण्णांनी स्वतःची कानटोपी काढून त्याच्या डोक्यावर ओढली आणि गोडमिट्ट कोमट चहा चमच्यानं पाजत राहिले. दर दोन-चार चमच्यांनी एकच प्रश्न, "नाव काय रे तुझं?"

मग अंगात ऊब येऊन हळूहळू त्याला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. गाडीचा आवाज खालच्या वळणावर आला, तेव्हा अण्णांनी पुन्हा विचारलं. त्यानं त्यांच्याकडे नीट बघितलं.

"कॉनर," तो म्हणाला. मग जरा थांबून, "अँड युवर्स?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतोय?"

"तुमचं नाव विचारतोय."

अण्णा उठले, खुर्चीखालचे बूट काढले आणि माझ्या हातात दिले.

"आता दे."