कोणती माता, ते विचारलं नाही

आमच्या नागपूरच्या हॉस्पिटलात हुकूम निघाला, की सगळ्या कर्मचाऱ्यांची कांजण्यांची प्रतिकारशक्ती तपासा. काम आलं माझ्या गळ्यात, कारण संसर्ग टाळायची कामं पाहणारी सिस्टर मी. प्रत्येकाला विचारायचं, कांजण्या होऊन गेल्या का. हो म्हटलं तर फॉर्मवर खूण करून सुट्टी. नाही किंवा आठवत नाही म्हटलं, तर रक्ताची तपासणी, आणि गरज पडली तर लस.

मी कामाला वाघ आणि तोंडाने फटकळ. रांग रेंगाळली की माझं डोकं फिरतं. त्या दुपारी सगळ्यात शेवटी आमच्या वॉर्डातली मावशी उभी होती. रोज उमरेडहून एसटीने यायची. दुसऱ्यांना सुई टोचताना त्यांचे हात धरण्यात तिचं आयुष्य गेलं, पण स्वतःची पाळी आली की पदराआड तोंड लपवायची. त्यावरून मी तिला नेहमी चिडवत असे. कांजण्यांचं विचारलं तर म्हणाली, "माता येऊन गेली जी मले, लहानपणीच."

कांजण्या हा शब्द ती तोंडातून काढणार नाही, हे मला ठाऊक होतं. माझ्या आईनेही कधी काढला नाही. आमच्याकडे अंगावर पुरळ उठलं की माता आली म्हणतात, कडुलिंबाचा पाला आणतात, घरात फोडणी बंद होते. मी 'हो'वर खूण केली. सुई टळली म्हणून मावशी खुदकन हसली आणि तिने मला बळेच चहा पाजला.

हिवाळा संपताना कांजण्यांचा एक रुग्ण वेगळ्या खोलीत ठेवावा लागला. ज्यांना होऊन गेल्यात त्यांनीच आत जायचं, असा नियम. फॉर्म पाहून मी मावशीची तिथे ड्यूटी लावली. दोन आठवड्यांनी तिच्या अंगावर पाण्याचे फोड उठले. ती घरीच पाल्यावर निजून राहिली. तिच्या भावाने तिला आमच्याकडे आणलं, तोवर आजार फुप्फुसात उतरला होता.

भावाला मी बाहेर गाठलं आणि लहानपणीची ती माता कशी होती ते विचारलं. तो म्हणाला, बारीक लाल पुरळ, खोकला, डोळे लालभडक. पाण्याचा फोड एकही नव्हता. म्हणजे तो गोवर होता. गोवर होऊन गेला म्हणून कांजण्या टळत नाहीत. आमच्याकडे गोवरालाही माताच म्हणतात, आणि हे मला काही त्या दिवशी नव्याने कळलं नव्हतं.

मी आत तिच्याजवळ गेले. ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून ती म्हणाली, "एकदा येऊन गेली होती नं जी सिस्टर, मंग परत काहून आली? माह्यं काय चुकलं असन?"

तुमचं काही चुकलं नाही मावशी, मी एक प्रश्न विचारला नाही, एवढंच सांगायचं होतं. ते न सांगता मी मास्क नीट बसवला आणि बोलू नका म्हणाले. तिने डोळे मिटून हात जोडले आणि मास्कच्या आत काहीतरी पुटपुटत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

आता मी प्रत्येकाला पुरळ कसं होतं ते विचारते, आणि उत्तर काहीही आलं तरी रक्त काढतेच. लोक कुरकुरतात, मी ऐकत नाही. त्याने माझं मन हलकं होत असेल, असं कोणी समजू नये. माझ्या एका खुणेने तिचा जीव गेला, हे दुःख आहेच. त्याहून हे जाळतं, की जाताना ती मातेची माफी मागत होती, आणि जिने माफी मागायला हवी होती ती मी तिच्या उशाशी उभी राहून सलाइनचे थेंब बघत होते.