बारा पांढरे स्कर्ट

गेल्या शनिवारी ईराचा बॅलेचा कार्यक्रम झाला. फोटो तुम्ही पाहिलेत, लाइकही केलेत... पण त्यातल्या पांढऱ्या स्कर्टची गोष्ट सांगायची राहिली होती.

ईरा माझी लेक, नऊ वर्षांची. इथे सेंगकांगला घराजवळच बॅले शिकते. यंदा तिच्या टीचरनी एकोणिसाव्या शतकातल्यासारखा नाच बसवला होता... चांदण्यात उतरलेल्या बारा पऱ्या. म्हणजे नेहमीचे आखूड, ताठ टूटू नकोत. पोटरीपर्यंत येणारे, घंटेच्या आकाराचे पांढरे स्कर्ट हवेत.

ते शिवणार होत्या स्वी लान आंटी. वय बहात्तर. सगळं आयुष्य रंगमंचाचे कपडे शिवण्यात गेलेलं, आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, चोआ चू कांग भागातल्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. नेमकं त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. म्हणून त्यांनी कागदी पॅटर्न दिला आणि आम्ही चार आयांनी शिवायला सुरुवात केली.

नेटचं कापड आणायचं काम माझ्याकडे होतं. आंटींनी दुकानाचं नाव लिहून दिलं होतं, पण तिथलं कापड मला कडक आणि जरा पिवळट वाटलं... मी जास्तीचा शहाणपणा केला आणि ऑनलाइन दुसरं मागवलं. पांढरंशुभ्र, हाताला मऊ. ऑफिसमधून आलं की मशीनवर बसायचं, असं करत आम्ही सात स्कर्ट तयार केले.

कार्यक्रमाला आठ दिवस उरले असताना मी आणि ईरा ते घेऊन आंटींकडे गेलो. बाहेर हेझ होता, म्हणजे दूरच्या वणव्यांचा धूर, म्हणून सगळ्या खिडक्या बंद. आंटींनी शिवण बोटांनी चाचपली, मान डोलावली. मग उरलेल्या कापडाची एक पट्टी चिमट्यात धरून किचनच्या सिंकवर नेली आणि तिला काडी लावली.

पट्टी भर्रकन पेटली. बघता बघता ज्योत चिमट्यापर्यंत आली, वितळलेले थेंब सिंकमध्ये पडले. मग त्यांनी आपल्या कपाटातली, त्या दुकानातल्या कापडाची पट्टी पेटवली... काडी बाजूला घेतली आणि ती विझली.

"धिस वन कॅनॉट," माझ्या कापडाकडे बोट दाखवून त्या एवढंच म्हणाल्या.

मी वाद घातला. आता स्टेजवर आगीचे दिवे कुठे असतात? शिवाय सात स्कर्ट झालेत... आंटी रागावल्या नाहीत. त्यांनी चित्रं चिकटवलेली एक जुनी वही काढली आणि ईराला शेजारी बसवलं.

त्या सांगत गेल्या. आधी दरबारी थाटाचे जड रेशमी झगे होते, त्यात नाचणारीचे पाय दिसायचेच नाहीत. मग तलम मलमलीचे थरावर थर आले. गॅसच्या दिव्यांत ते असे उजळायचे की बाई जमिनीला टेकलीच नाही असं वाटावं. पण तेच दिवे पायाशी उघडे जळत असायचे... कितीतरी मुली भाजल्या. कापड पेटू नये म्हणून औषधात बुडवायची सोय निघाली, पण त्याने ते पिवळट आणि ताठ व्हायचं. एका तरुण नर्तकीने तसला झगा घालायला नकार दिला. तालमीतच तिचा स्कर्ट पेटला, आणि काही महिन्यांनी ती गेली. वहीत फोटो होता तिच्या कपड्यांच्या उरलेल्या चिंध्यांचा. पॅरिसमध्ये त्या अजून जपून ठेवल्यात.

पिवळट आणि ताठ... मीही त्याच कारणासाठी कापड बदललं होतं.

आंटींनी ईराला विचारलं, "शो झाल्यावर हा ड्रेस कधी घालणार?"

"दिवाली," ईरा म्हणाली. "व्हेन वी लाइट ऑल द दियाज."

हे मला माहीत नव्हतं. आमच्या कॉरिडॉरमध्ये दर वर्षी जमिनीवर ओळीने पणत्या असतात, आणि मुली त्यांच्यामधून पळत असतात. मी सातही स्कर्ट पिशवीत भरले.

रात्री आयांच्या ग्रुपवर सगळं खरं लिहिलं. एक आई चिडली, आणि तिचं चुकलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी आम्ही चौघीही आंटींच्या घरी हजर होतो. सात दिवसांत बारा स्कर्ट... डोळा दुखला की आंटी दहा मिनिटं डोळे मिटून बसायच्या आणि पुन्हा कात्री घ्यायच्या.

पहिला स्कर्ट घालून ईरा कुरकुरली, "आई, इट्स सो स्क्रॅची लाह." आंटींनी कमरेला आतून मऊ सुती अस्तर लावलं. पिवळटपणावरही त्यांच्याकडे उपाय होता. पांढऱ्या थरांखाली त्यांनी एक फिकट निळा थर दिला, आणि वरचं कापड दुधासारखं पांढरं दिसायला लागलं.

शनिवारी बाराजणी स्टेजवर आल्या. स्कर्ट मुलींच्या मागून क्षणभर उशिरा वळत होते... धुक्यासारखे. आंटी शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. चेहऱ्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं, त्या फक्त स्कर्टचे घेर बघत होत्या.

नंतर ईराचे कपडे बदलताना मला कमरपट्टीच्या आत बारीक अक्षरं दिसली. काळ्या दोऱ्याने भरलेलं 'ईरा', आणि त्याखाली माझं नाव, 'मेधा'.

आंटींना विचारलं तर म्हणाल्या, "जुन्या काळी आत नाचणारीचं नाव असायचं. शिवणारीचं कुणी लिहायचं नाही. सो, आय राइट."

मग मी बाराही स्कर्ट उलटे करून पाहिले. आम्हा चौघींची नावं आपापल्या शिवलेल्या स्कर्टमध्ये होती. पाचांमध्ये मात्र फक्त मुलीचं नाव होतं, खाली काही नाही... ते आंटींनी स्वतः शिवले होते.

म्हणून इथे लिहून ठेवते. ते पाच स्कर्ट स्वी लान आंटींनी शिवले. आणि खरं म्हणजे, बाराही.